‘चालत नाही’ म्हणता? आधी त्याचा नंबर तर विचारा!

तुमच्या घरात एक जुना लॅपटॉप आहे. नाही म्हणू नका, असतोच. दादाच्या डिप्लोमाचा, नाहीतर मामाच्या ऑफिसातून आलेला, नाहीतर लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन क्लाससाठी सेकंडहँड घेतलेला. सध्या तो कपाटावर पडलेला असेल आणि त्याच्यावर चार्जरची वायर गुंडाळलेली असेल. का पडलाय, असं विचारलं की घरातलं कुणीही एकच उत्तर देतं, ‘चालत नाही.’

आमच्याकडचा असाच होता. दादाचा. यंदा धाकट्या बहिणीनं बीसीएला ॲडमिशन घेतली आणि लॅपटॉपचा विषय निघाला. नवीन घ्यायचा तर ऊसाचं बिल जमा होईपर्यंत थांबा, असं अप्पांचं म्हणणं. माजलगावात ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे ‘थांबा’ किती लांबतं ते सांगायला नको. तोवर पहिलं सेमिस्टर संपून जाईल. म्हणून दादाचा लॅपटॉप खाली काढला. चालू झाला की! पण त्यात विंडोज १०. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. घरगुती वापरणाऱ्यांनी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळतात, एवढीच सवलत. विंडोज ११ टाकायचं तर त्याची अट अशी की टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. दादाचा सातव्या पिढीचा. एका पिढीनं गेला!

मग लिनक्स. एका ओळखीच्याकडं उबंटूचा पेनड्राइव्ह पडून होता, तो लावला. स्क्रीन आली, की-बोर्ड चालला, आवाज आला, आणि वायफाय मात्र नाहीच. वायफायची खूणसुद्धा दिसेना. दुकानात नेला. दादांनी मागचं झाकण उघडलं, बघितलं आणि सांगितलं, ‘वायफाय कार्ड गेलंय ताई. बदलावं लागतं. चौदाशे रुपये.’

कार्ड गेलेलं नव्हतं. (चौदाशेही गेले नाहीत, म्हणून हे दुकानदारावरचं रडगाणं नाही. त्यांनी दिसलं तसं सांगितलं.) कार्ड ठणठणीत होतं. फक्त आत बसलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला ते ओळखता येत नव्हतं. ‘बिघडलंय’ आणि ‘ओळखत नाही’ यांत पैशांचा फरक आहे, आणि तो फरक तुम्हाला स्वतःला दहा मिनिटांत तपासता येतो. मी मास कॉमची. मला कोडिंग येत नाही. मला जमलं म्हणजे तुम्हाला जमणारच.

प्रत्येक चिपचं एक आडनाव, एक नाव

लॅपटॉपच्या आत जेवढ्या म्हणून वस्तू आहेत, म्हणजे वायफाय कार्ड, ग्राफिक्स, साउंड, कॅमेरा, त्या सगळ्यांच्या चिपमध्ये कारखान्यातच दोन नंबर कोरलेले असतात. पहिला कंपनीचा, दुसरा त्या मॉडेलचा. प्रत्येक नंबर चार अक्षरी. त्यात ० ते ९ हे आकडे आणि इंग्रजी ए ते एफ ही अक्षरं येतात. पहिला नंबर म्हणजे आडनाव, दुसरा म्हणजे नाव, असं समजा. कंपन्यांचे नंबर त्या त्या संस्थेकडून वाटून मिळतात, त्यामुळं दोन कंपन्यांचं आडनाव एक होत नाही.

यातला इंटेलचा नंबर मला फार आवडला : ८०८६. ज्या प्रोसेसरवरून पुढं अख्खी पीसीची परंपरा सुरू झाली त्याचं नावच ८०८६ होतं, आणि इंटेलनं आपल्या नंबरातही तेच ठेवलं. गाडीला फॅन्सी नंबर घेतात ना, तसंच. एएमडीचा १०२२, एनव्हिडियाचा १०डीई, रिअलटेकचा १०ईसी.

आता दुसरी बाजू. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. तुमचा ब्राउझर, गेम, व्हिडिओ प्लेअर यांपैकी कुणीही थेट हार्डवेअरला हात लावत नाही, ते कर्नेलला सांगतात आणि कर्नेल करून देतो. पण जगातल्या हजारो चिपशी बोलायची भाषा एकट्या कर्नेलला कुठून येणार? म्हणून दुभाषे असतात. ते म्हणजे ड्रायव्हर. प्रत्येक ड्रायव्हरच्या कोडमध्ये एक यादी लिहिलेली असते की मला अमुक अमुक नंबरांच्या चिपशी बोलता येतं. खरंच यादीच. एका ओळीत एक जोडी, खाली दुसरी जोडी, खाली तिसरी. लग्नाच्या हॉलच्या दारात आहेराची वही घेऊन बसतात तशी.

लॅपटॉप चालू केला की कर्नेल प्रत्येक चिपला विचारतो, ‘तुझा नंबर काय?’ चिप सांगते. मग तो नंबर कुणाच्या यादीत आहे ते शोधलं जातं. सापडला तर त्या ड्रायव्हरला हाक जाते, की बाबा तुझं गिऱ्हाईक आलंय, बघ. ड्रायव्हर येतो, चिपला दोन-चार प्रश्न विचारून खात्री करतो आणि काम सुरू होतं. या खात्री करण्याला कोडच्या भाषेत ‘प्रोब’ म्हणतात. नंबर कुणाच्याच यादीत नसेल तर? काहीच होत नाही. एरर नाही, आवाज नाही. चिप जागेवर बसून राहते, करंटही घेते, पण तिच्याशी बोलायला कुणी येत नाही. आमच्या वायफायचं हेच झालं होतं.

मग माउस कसा काय कुठंही चालतो?

हा प्रश्न मला पडला होता, तुम्हालाही पडला असेल. मोंढ्याच्या रस्त्यावरून दोनशे रुपयांचा बिननावाचा माउस आणला तरी तो लावल्या लावल्या चालतो. पेनड्राइव्ह कोणत्याही कंपनीचा असो, उघडतो. त्यांचे नंबर काय प्रत्येक यादीत आहेत? नाहीत.

यूएसबीच्या नियमात नंबराशिवाय ‘वर्ग’ नावाचीही एक सोय आहे. माउस आणि की-बोर्ड सांगतात, मी ०३ वर्गातला. पेनड्राइव्ह सांगतो, मी ०८ वर्गातला. बहुतेक वेबकॅमचा वर्ग ०ई. एका वर्गातले सगळे एकाच ठरलेल्या भाषेत बोलतात, त्यामुळं एक ड्रायव्हर सगळ्यांना पुरतो. नाव विचारायची गरजच नाही, युनिफॉर्म बघून आत सोडतात. वायफाय, ग्राफिक्स, फिंगरप्रिंटचं मशीन यांची अशी ठरलेली एक भाषा नाही. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. म्हणून अडतं ते यांच्यापाशीच. सेवा केंद्रावर अंगठ्याचं मशीन बदललं की दोन दिवस ‘ड्रायव्हर टाकायचाय’ म्हणून रांग का थांबते, त्याचं उत्तरही हेच.

आता तुमच्या लॅपटॉपला विचारा

विंडोज असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ज्या वस्तूपुढं पिवळं उद्गारचिन्ह असेल तिच्यावर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांबलचक ओळ येईल. घाबरू नका, तुम्हाला त्यातले दोनच तुकडे हवेत. ‘व्हीईएन’ या अक्षरांनंतरचे चार म्हणजे कंपनी, ‘डीईव्ही’नंतरचे चार म्हणजे मॉडेल. यूएसबीची वस्तू असेल तर हेच ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ म्हणून दिसतील. कागदावर लिहून घ्या. ‘अननोन डिव्हाइस’ म्हणून जे दिसतं, ते अननोन फक्त विंडोजला असतं. नंबर तर त्यानं सांगितलेलाच असतो.

लिनक्समध्ये हे आणखी सरळ आहे. आणि त्यासाठी लिनक्स टाकायचीही गरज नाही. पेनड्राइव्हवरून ते नुसतं ‘ट्राय’ करता येतं, हार्ड डिस्कला हात लागत नाही. (‘इन्स्टॉल’ दाबलंत आणि दादाचे लग्नाचे फोटो गेले तर मला सांगू नका. बॅकअप आधी.) टर्मिनल उघडा आणि इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा : एलएसपीसीआय, मग एक जागा सोडून डॅश आणि एनएनके. एंटर. आतल्या चिपची यादी येते. प्रत्येक ओळीच्या शेवटी चौकटी कंसात ती नंबरांची जोडी असते. त्याच्या खाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर दुभाष्या आलेला आहे. ती ओळच नसेल, तर तिथं पाणी मुरतंय. यूएसबीच्या वस्तूंसाठी असाच एक आदेश आहे, एलएसयूएसबी.

आमच्या वायफायच्या नावाखाली ती ओळ नव्हती. पण नाव आणि नंबर मात्र स्वच्छ आले होते! जे कार्ड खरंच जळलेलं असतं ते बहुतेक वेळा या यादीत उगवतच नाही. म्हणजे चिप उत्तर देतेय. चौदाशे रुपयांचा निकाल मला तिथंच लागला.

पुढची पायरी म्हणजे हा नंबर माझ्या कर्नेलमधल्या कुठल्या यादीत आहे का ते बघायचं. त्यासाठी हजारो ड्रायव्हर उघडावे लागत नाहीत. कर्नेल बसवतानाच सगळ्या वेगळ्या ठेवलेल्या ड्रायव्हरांच्या याद्या एकत्र करून एक मोठी फाइल बनते, तिचं नाव ‘मॉड्यूल्स डॉट अलायस’. ‘लिब’ फोल्डरमध्ये ‘मॉड्यूल्स’, त्यात तुमच्या कर्नेलच्या आवृत्तीचं फोल्डर, आणि त्यात ही फाइल. साध्या एडिटरमध्ये उघडते. त्यात आपला नंबर शोधायचा. एक गोम आहे, आतल्या चिपच्या चार अक्षरांच्या आधी चार शून्यं लावलेली असतात. त्यामुळं सगळं मिळून शोधलं तर सापडत नाही आणि आपण उगाच निराश होतो. मी झाले होते! मॉडेलची चार अक्षरं शोधा आणि त्या ओळीत कंपनी आपलीच आहे ना ते बघा. ओळीच्या शेवटी ड्रायव्हरचं नाव लिहिलेलं असतं.

एक ओळखीचं उदाहरण घेऊ. रिअलटेकची आरटीएल८८२१सीई नावाची वायफाय चिप स्वस्त लॅपटॉपमध्ये भरपूर दिसते. तिची जोडी १०ईसी : सी८२१. लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये तिचा ड्रायव्हर आला २०२० मध्ये. आता बघा, उबंटू २०.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये आली तेव्हा तिच्यात कर्नेल होता ५.४, त्याच्याही आधीचा. म्हणजे त्या पेनड्राइव्हवरून बघितलं तर ही चिप ‘चालत नाही’. उबंटू २२.०४ मध्ये कर्नेल ५.१५. तोच लॅपटॉप, तीच चिप, आणि ‘चालते’. वस्तू बदलली नाही, यादी बदलली. म्हणून कुणी ‘लिनक्सवर हे चालत नाही’ म्हणालं की पहिला प्रश्न विचारा, कुठल्या कर्नेलवर? आवृत्ती बघायचा आदेश आहे, यूनेम, जागा सोडून डॅश आर.

खोका एकच, आत दुसरंच

कॉम्पॅटिबिलिटी बघताना आपण काय करतो? खोक्यावरचं मॉडेलचं नाव बघतो आणि सर्च करतो. इथंच फसतो. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा यूएसबी वायफाय अडॅप्टर आपल्याकडं खूप विकला गेला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, नंबर ०सीएफ३ : ९२७१, आणि लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर उत्तम. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नंबर वेगळा, ड्रायव्हर वेगळा, अनुभव वेगळा. बाहेरचं नाव तेच. कुठल्यातरी व्हिडिओत ‘हा मस्त चालतो’ म्हणून सांगणारा खरंच बोलत असतो, फक्त त्याच्या हातातला आणि तुमच्या हातातला एक नसतो. लेबलवर बारीक अक्षरांत ‘व्हर्जन’ लिहिलेलं असतं, पैसे देण्याआधी ते बघा. आणि दुकानदार ओळखीचा असेल तर त्याच्याच कॉम्प्युटरला लावून नंबर बघून घ्या. एक मिनिटाचं काम आहे.

नंबर किती मोलाचा असतो याची एक जबरी गोष्ट आहे. स्कॉटलंडची एफटीडीआय कंपनी यूएसबी ते सिरीअल जोडणाऱ्या चिप बनवते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना माहीत असतील. त्यांच्या नकली चिप बाजारात आल्या, नंबरासकट नकली. वैतागून कंपनीनं २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये काय केलं, तर विंडोज अपडेटमधून आलेल्या त्यांच्या नव्या ड्रायव्हरनं नकली चिप ओळखून तिच्या आतला मॉडेल नंबरच शून्य करून टाकला. ००००. नाव पुसलं! मग विंडोजला ती ओळखेना. ज्यानं बोर्ड विकत घेतला त्या बिचाऱ्याला नकली-असली काय माहीत? त्याचं यंत्र रात्रीत मेलं. जगभर ओरड झाली आणि तो ड्रायव्हर मागं घ्यावा लागला. लिनक्सवाल्यांनी यावर काय करावं? भाषण नाही, निषेध नाही. आपल्या एफटीडीआय ड्रायव्हरच्या यादीत एक ओळ वाढवली : मॉडेल नंबर शून्य. वर टीप लिहिली की विंडोजच्या काही अधिकृत ड्रायव्हरांनी नकली चिपचा नंबर शून्य केला आहे, तरी त्यांना चालू द्या. ती ओळ आजही कोडमध्ये आहे. नकलीची बाजू घ्यायची का, यावर वाद घालता येईल. मला विचाराल तर भांडण कंपनी आणि नक्कल करणाऱ्याचं, त्यात गिऱ्हाइकाचा बोर्ड मारायचं कारण नव्हतं.

आणि नंबर जुळला म्हणजे ओळख पटलीच, असंही नाही बरं का. स्वस्तातल्या आर्डुइनो बोर्डवर सीएच३४० नावाची चिप असते, जोडी १ए८६ : ७५२३. पॉलिटेक्निकच्या निम्म्या प्रोजेक्टांत असेल. उबंटू २२.०४ वर अनेकांना अनुभव आला की बोर्ड लावला की क्षणभर दिसतो आणि गायब. झालं होतं असं की दृष्टिहीनांसाठीच्या एका ब्रेल यंत्रातही हीच चिप, हाच नंबर. ब्रेलसाठीचा प्रोग्राम हा नंबर दिसला की ‘माझंच यंत्र आलं’ म्हणून बोर्ड ताब्यात घ्यायचा. चूक कुणाची? दोघांना एकच नाव असलं की पोस्टमनचं जे होतं ते. ज्याला ब्रेलची गरज नाही त्यानं तो प्रोग्राम काढला की बोर्ड चालायला लागायचा.

यादीत नाव आहे, तरी अडलं?

होतं असंही. ड्रायव्हर आला, प्रोब सुरू झाला आणि थांबला. याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फर्मवेअर. कित्येक वायफाय चिपना चालू झाल्यावर बाहेरून एक छोटी फाइल भरवावी लागते, त्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत. ही फाइल ड्रायव्हरसोबत नसते, वेगळी येते. डीएमईएसजी हा आदेश दिला की कर्नेलची रोजनिशी दिसते, त्यात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधा. (काही ठिकाणी त्याआधी सुडो लावावं लागतं.) डेबियनवाले तत्त्वाचे पक्के, ज्याचा कोड खुला नाही ते आपल्या मुख्य डिस्कवर ठेवत नसत. त्यामुळं कित्येकांचं वायफाय इन्स्टॉल करतानाच अडायचं. शेवटी जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्यांनी ही फर्मवेअर अधिकृत डिस्कवर ठेवायला सुरुवात केली.

आपल्या सरकारचं बॉस लिनक्सही डेबियनवरच बेतलेलं आहे. भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स. सीडॅकनं केलेलं, २००७ पासूनचं. सीडॅकचं मुख्यालय पुण्यात, परम महासंगणकवाली तीच ही संस्था. मजा बघा, पहिला परम ८००० आला १९९१ मध्ये आणि हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं आपल्या घरच्या ३८६ कॉम्प्युटरसाठी लिनक्स लिहायला घेतलं तेही १९९१ मध्येच. २५ ऑगस्टच्या त्याच्या पहिल्या जाहीर संदेशात त्यानं सांगून टाकलं होतं की हे बहुधा एटी हार्ड डिस्कशिवाय दुसरं काही चालवणार नाही, कारण माझ्याकडं तेवढीच आहे. कॉम्पॅटिबिलिटीची सगळ्यात प्रामाणिक यादी! वय २१. आपल्याच वयाचा.

बाकी सगळ्या हजारो वस्तू नंतर कुणी ना कुणी वाढवल्या. त्यात आपल्या ओळखीची आडनावंही आहेत. कर्नेलमधली चूक दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शोधायचं केजीडीबी नावाचं साधन आहे. त्याच्या कोडच्या डोक्यावर कॉपीराइटच्या ओळीत अमित काळे हे नाव आहे, आणि पुण्याच्या लिनसिसॉफ्ट कंपनीचंही. अनेक वर्षं ते कर्नेलच्या बाहेर सांभाळलं गेलं आणि २००८ मध्ये मुख्य कर्नेलमध्ये गेलं. पुढं २००६ मधल्या नेटक्झेन या नेटवर्क कार्डच्या ड्रायव्हरवरही हेच नाव दिसतं. त्या ड्रायव्हरची फाइल कुणालाही उघडून वाचता येते, आणि तिच्यात ती यादी आहेच : कंपनी ४०४०, खाली एकेका कार्डाचा नंबर. मी कोड न कळणारी, पण ती यादी मला वाचता आली. आहेराच्या वहीसारखीच दिसते.

एका ओळीचं काम

आता समजा तुमच्या चिपचा नंबर कुठल्याच यादीत नाही. तरी रस्ता संपत नाही. बऱ्याचदा चिप जुन्या मॉडेलची सख्खी बहीणच असते, फक्त नंबर नवा. अशा वेळी ड्रायव्हरला सांगता येतं की हा नंबर तुझाच समजून बघ. कर्नेल चालू असताना प्रत्येक अशा ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये ‘न्यू आयडी’ नावाची जागा असते, तिथं जोडी लिहायची. चाललं तर छान. रीस्टार्ट केल्यावर ते विसरलं जातं, त्यामुळं करून बघायला बरं. पण हे उगाच अंदाजानं करायचं नाही. चिप खरंच त्याच कुळातली आहे हे कळल्यावरच. भलत्या ड्रायव्हरनं भलत्या चिपला आदेश दिले तर मशीन अडकून बसतं.

आणि चाललं, तर तो नंबर कर्नेलमध्ये कायमचा घालता येतो. त्यासाठी पदवी विचारत नाहीत. यादीत एक ओळ वाढवायची, का वाढवली ते दोन वाक्यांत लिहायचं, कुठल्या वस्तूवर तपासलं ते सांगायचं, खाली आपल्या नावाची सही करायची आणि त्या ड्रायव्हरचा जो सांभाळणारा आहे त्याला ईमेल करायची. तो कोण, हे शोधायची स्क्रिप्टही कर्नेलच्या कोडमध्येच आहे. जुन्या, स्थिर आवृत्त्यांत नवीन काही घ्यायचं नाही असा कडक नियम असतो, पण नवीन डिव्हाइस नंबर घ्यायचा, अशी त्या नियमातच सूट दिलेली आहे. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरवाल्यांनो, ‘प्रोजेक्ट काय करू’ म्हणून एकमेकांच्या फाइली मागत फिरता ना? तुमच्या डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये बंद पडलेल्या वस्तूंचं एक कपाट नक्की असेल. सरांना विचारून ते उघडा, एकेक वस्तू लावा आणि नंबर लिहून काढा. किती मेल्यात आणि किती नुसत्या अनोळखी आहेत ते कळू द्या. एखादीचा नंबर खरंच कुठं नसेल, तर तुमच्या नावाची एक ओळ जगातल्या लाखो कॉम्प्युटरांत जाईल. माजलगाव धरणाच्या भिंतीवर नाव कोरण्यापेक्षा ते बरं.

सगळंच लिनक्सवर चालतं, असं मात्र मी म्हणणार नाही. अंगठ्याची बरीच मशीन, काही प्रिंटर, काही परीक्षांची सॉफ्टवेअर यांना विंडोजच लागतं. त्यामुळं घरात सेवा केंद्र असेल तर तिथल्या कॉम्प्युटरवर प्रयोग करू नका, शिव्या बसतील.

आमच्या लॅपटॉपचं काय झालं ते राहिलं. नंबर शोधला तेव्हा पेनड्राइव्हवरच्या जुन्या कर्नेलच्या यादीत तो नव्हता. नव्या आवृत्तीत होता. पण नवी आवृत्ती उतरवायची तर इंटरनेट हवं आणि वायफाय तर बंद. हे कोडं मोबाइलनं सुटलं. फोन यूएसबीच्या वायरनं जोडला, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि नेट आलं. फोननं वर्ग सांगितला, नंबर कुणी विचारला नाही. नवी फाइल उतरायला रात्र गेली, कारण आमच्या गल्लीत रेंज रात्री अकरानंतरच नीट येते. सकाळी पेनड्राइव्ह बनवला, लावला, आणि वायफायच्या यादीत पहिलं नाव आलं ते शेजारच्या काकांच्या राउटरचं.

पासवर्ड त्यांनी अजून दिलेला नाही. बहीण फोनच्या नेटवरच असाइनमेंट करतेय.